हिमालयातल्या ट्रेकची बॅग: थंडीच्या आधी घामाचा हिशेब करा

डिसेंबर जवळ आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "केदारकांठ्याला चाललोय, काय काय घेऊ?" मग कुणीतरी एक यादी फॉरवर्ड करतं. दोन थर्मल, एक फ्लीस, एक जॅकेट, चार जोड मोजे वगैरे. यादी चुकीची नसते, पण कुठली वस्तू कशासाठी हे त्यात लिहिलेलं नसतं. त्यामुळे ऐनवेळी माणूस कपाटातली त्यातल्या त्यात सारखी दिसणारी वस्तू बॅगेत टाकतो. ड्रायफिट नाही सापडला, कॉटनचा टी-शर्ट टाकला. ट्रेकिंग पँट महाग वाटली, जीन्स टाकली. पुण्या-मुंबईच्या हवेत या अदलाबदलीने काही बिघडत नाही. उणे दहा अंशांत मात्र बिघडतं.

म्हणून या लेखात यादी शेवटी ठेवली आहे. आधी प्रत्येक वस्तूमागचं तंत्र समजून घेऊया. ते एकदा कळलं की दुकानात कुठलं लेबल वाचायचं, कशावर पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

किती थंडी असेल? दोन मिनिटांचं गणित

केदारकांठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. उंची साधारण ३,८०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. ट्रेक सुरू होतो सांकरी गावातून, ते साधारण १,९५० मीटरवर आहे.

उंची १,००० मीटरने वाढली की हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. सांकरी ते शिखर हा फरक सुमारे १,८५० मीटरचा, म्हणजे ढोबळमानाने १२ अंश. सांकरीत पहाटे पारा शून्यावर असेल तर माथ्यावर उणे १२ धरून चला. त्यात वारा. हवा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरने वारा सुटला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी लागते.

आणि शिखराची चढाई सूर्योदय गाठण्यासाठी मध्यरात्रीनंतरच सुरू करतात. म्हणजे दिवसातले सगळ्यात थंड तास हेच तुमचे सगळ्यात जास्त घाम गाळण्याचे तास. खरी अडचण इथे आहे.

शरीर म्हणजे १०० वॅटचा हीटर

स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो. पूर्वी घरात असायचा त्या पिवळ्या बल्बइतकी. पाठीवर बॅग घेऊन चढ चढताना हीच उष्णता पाच-सहा पट होते. इतकी उष्णता बाहेर टाकायची म्हणून शरीर घाम आणतं, मग बाहेर बर्फ असला तरीही.

घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ किलोज्यूल लागतात. आता समजा, तुमच्या कॉटनच्या टी-शर्टने २०० मिली घाम शोषून घेतला आणि तुम्ही कॅम्पवर पोचून बसलात. तो टी-शर्ट अंगावरच दोन तासांत वाळला तर त्यासाठी ४८० किलोज्यूल खर्च झाले, म्हणजे सरासरी ६७ वॅट. तुम्ही बसून तयार करताय १०० वॅट. ही सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, थोडी हवेतूनही मिळते. पण मोठा वाटा तुमच्याच खिशातून जातो.

शिवाय ओलं कापड उष्णता फार वेगाने वाहून नेतं. स्थिर हवेपेक्षा पाणी साधारण २३-२४ पट जास्त उष्णता वाहतं. कपड्यातली हवेची जागा पाण्याने घेतली की कपडा असून नसल्यासारखा होतो.

थोडक्यात, बॅग भरताना पहिला प्रश्न "किती गरम कपडे घेऊ?" हा नसावा. "मी कोरडा कसा राहीन?" हा असावा.

तीन थर, तीन वेगळी कामं

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एका मॉड्यूलला एकच काम देतो. सगळं एकाच फंक्शनमध्ये कोंबलं की पुढे दुरुस्ती करणं अवघड जातं. डोंगरातल्या कपड्यांचंही तसंच आहे. एक जाडजूड जॅकेट घेतलं तर दोनच पर्याय उरतात: घातलं की घाम, काढलं की थंडी. तीन पातळ थर असले की गरजेप्रमाणे एखादा कमी-जास्त करता येतो.

१. आतला थर: घाम पुढे ढकलायचा

कॉटनचा धागा स्वतः पाणी पितो. नुसत्या दमट हवेतूनच तो वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा घेतो, घामाने भिजला तर विचारूच नका. पॉलिएस्टरचा धागा एक टक्कासुद्धा घेत नाही. घाम फक्त धाग्यांच्या फटींमध्ये बसतो, तिथून कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि लवकर वाळतो. ड्रायफिटमागचं सगळं तंत्र एवढंच. त्यामुळे ब्रँडच हवा असं काही नाही, क्रिकेटची पॉलिएस्टर जर्सीसुद्धा हे काम करते.

लोकर हा तिसरा प्रकार. ती वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा धाग्याच्या आत घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. धागा कुरळा असल्याने मधल्या हवेच्या जागाही टिकतात. आपल्याकडे धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे फिरतात ते याच गुणावर. मेरिनोचे महागडे बेसलेअर म्हणजे त्याच गुणाची मऊ आवृत्ती.

दुकानात एक काळजी घ्या. "थर्मल" असं लिहिलेल्या कित्येक कपड्यांत कॉटन मिसळलेलं असतं. घरात घालायला ते उत्तम, चढाईला नाही. आतलं लेबल उलटून बघा आणि कॉटनचा आकडा दिसला तर परत ठेवा. हाच नियम आतल्या कपड्यांना आणि मोज्यांनाही.

२. मधला थर: हवा पकडून ठेवायची

ऊब कापड देत नाही, कापडात अडकलेली स्थिर हवा देते. फ्लीस, डाऊन आणि सिंथेटिक भरावाचं जॅकेट हे तिन्ही हवा पकडण्याचेच वेगवेगळे मार्ग.

फ्लीस हे पॉलिएस्टरच. ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब देतं आणि त्यातून घामाची वाफ सहज जाते. त्यामुळे ते चालताना घालायचं. वारा मात्र त्यातून आरपार जातो.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाजवळची मऊ लव. वजनाच्या मानाने इतकी ऊब दुसऱ्या कशातच नाही. लेबलवर ६०० किंवा ८०० असा 'फिल पॉवर'चा आकडा असतो: एक औंस लव फुलून किती घन इंच जागा व्यापते ते. पण हा आकडा फक्त प्रत सांगतो, प्रमाण नाही. ८०० ची लव ५० ग्रॅम भरलेलं जॅकेट ६०० ची १५० ग्रॅम भरलेल्या जॅकेटपेक्षा थंडच असणार. त्यामुळे "आत भराव किती ग्रॅम आहे?" हेही विचारा.

डाऊनची एक दुखरी बाजू आहे. ओली झाली की लव चिकटून तिचा गोळा होतो, हवा निघून जाते आणि ऊब संपते. म्हणून डाऊन जॅकेट घालून चढायचं नाही. ते थांबल्यावर घालायचं: विश्रांतीला, कॅम्पवर, शिखरावर. सिंथेटिक भराव जड असतो, पण ओला झाल्यावरही थोडंफार काम करतो. पहिलाच ट्रेक असेल आणि बजेट कमी असेल तर तोच घ्या.

३. बाहेरचा थर: वारा आणि पाणी अडवायचं

प्लास्टिकचा रेनकोट पाऊस अडवतो, पण घामाची वाफही अडवतो. मग माणूस आतून भिजतो. हा प्रश्न आपल्या शेतकऱ्यांनी कधीच सोडवला होता. भातलावणीच्या वेळचं इरलं आठवा. पाठीवर पानांचं छप्पर, पुढून सगळं मोकळं. पाऊस वरून ओघळतो आणि वारा खालून खेळतो.

ट्रेकमध्ये वारा सगळीकडून येतो, त्यामुळे पुढून मोकळं ठेवून चालत नाही. तिथे पटल कामाला येतं. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे आपल्याला टेफ्लॉन म्हणून माहीत असलेलं प्लास्टिक, झटक्यात ताणलं आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. पाण्याचा थेंब जाणार नाही इतकी ती छिद्रं लहान, पण वाफ निघून जाईल इतकी मोठी. त्यातून गोर-टेक्स आलं. आज या तत्त्वावर चालणारी स्वस्त कापडंही मिळतात.

लेबलवर '१०,००० मिमी' असं लिहिलेलं असतं. अर्थ असा की कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपायला लागत नाही. बॅगेचे पट्टे खांद्यावर दाब देतात, तिथे हा आकडा उपयोगी पडतो. ट्रेकसाठी १०,००० पुरे.

मग हेच जॅकेट पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाला चालेल का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर: पाऊस अडेल, पण घाम अडकेल. पटलातून वाफ बाहेर जाते ती आत-बाहेरच्या वाफेच्या दाबातल्या फरकामुळे. हिमालयातली हिवाळी हवा थंड आणि कोरडी, त्यामुळे फरक मोठा आणि जॅकेट चांगलं 'श्वास घेतं'. जुलैत सह्याद्रीत बाहेरची हवा कोमट आणि ओलाव्याने जवळपास भरलेली असते. वाफ जाणार कुठे? महागडं जॅकेटही तिथे आतून ओलं होतं. सह्याद्रीच्या पावसात भिजायचंच असं धरून लवकर वाळणारे कपडे, मोकळा पोंचो आणि बॅगेत प्लास्टिकमध्ये बांधलेला एक कोरडा जोड, हा उपाय स्वस्तही आहे आणि बराही.

हात, पाय, डोकं, डोळे

पाय: एका बुटात तीन मोजे कोंबू नका. मोजे दाबले गेले की त्यातली हवा जाते, पाय आवळला की रक्तपुरवठा कमी होतो आणि बोटं जास्तच गार पडतात. एक पातळ, त्यावर एक लोकरीचा, एवढं बस्स. त्या मोज्यांवर बूट घालून बोटं हलताहेत का हे दुकानातच तपासा. नवे बूट घरी निदान दोन-तीन आठवडे वापरा. बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे मायक्रोस्पाइक्स आणि बुटात बर्फ जाऊ नये म्हणून गेटर्स सांकरीत भाड्याने मिळतात. ते विकत घ्यायची गरज नाही.

हात: आत पातळ हातमोजे, वर वारा-पाणी अडवणारे जाड. बुटाची नाडी बांधायला किंवा फोटो काढायला जाड मोजा काढला तरी हात उघडा पडत नाही.

डोकं: "निम्मी उष्णता डोक्यातून जाते" हे खरं नाही. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरीही कानटोपी हवीच, कारण बाकी सगळं अंग झाकलेलं असताना उघडा भाग तोच असतो.

डोळे: उंची १,००० मीटरने वाढली की अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे ऊन दोन्हीकडून. 'यूव्ही ४००' लिहिलेला, बाजूनेही झाकणारा गॉगल घ्या. रस्त्यावरचा नुसता काळा गॉगल जास्त वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणं आणखी आत जातात. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा.

रात्रीची व्यवस्था

स्लीपिंग बॅग बहुतेक वेळा ट्रेक कंपनी देते, पण एक प्रश्न जरूर विचारा: "कम्फर्ट रेटिंग किती?" आयएसओ २३५३७ या मानकानुसार बॅगेला कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे असतात. एक्स्ट्रीमचा आकडा जाहिरातीत छान दिसतो, पण त्याचा अर्थ "या तापमानात गारठण्याचा धोका पत्करून काही तास जिवंत राहाल" असा आहे. झोपायचं असेल तर कम्फर्टचाच आकडा बघायचा.

अंगाखालची मॅट विसरू नका. तुमच्या वजनाने बॅगेचा खालचा भराव दाबला जातो आणि त्यातली हवा निघून जाते. जमिनीचा गारवा अडवायचं काम मॅटच करते. मॅटवरचा आर-व्हॅल्यूचा आकडा जितका मोठा तितकी ती जास्त उबदार.

मोबाइल, पॉवर बँक आणि टॉर्च

लिथियम-आयन बॅटरीत थंडीमुळे रासायनिक क्रिया मंदावतात आणि अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडला, एकदम जास्त करंट मागितला, की व्होल्टेज कोसळतं आणि ४० टक्के दाखवणारा फोनही बंद पडतो. चार्ज गेलेला नसतो, फोन ऊबेत ठेवला की बराचसा परत दिसतो. म्हणून फोन बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका, आतल्या जॅकेटच्या खिशात ठेवा. रात्री फोन, पॉवर बँक आणि टॉर्चचे सेल स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. शून्याखाली गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावणंही टाळा, त्याने बॅटरीत लिथियम धातूचा थर साचून कायमचं नुकसान होऊ शकतं.

पॉवर बँक विमानात फक्त केबिन बॅगेत चालते आणि १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-अवर. बिनधास्त न्या.

सांकरीच्या वर नेटवर्कवर भिस्त ठेवू नका. जीपीएस मात्र फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो, त्याला सिम लागत नाही. नकाशा आधीच डाउनलोड करा, एअरप्लेन मोड लावा, बॅटरी वाचते आणि स्थान कळत राहतं. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय भारतात वापरणं बेकायदा आहे, तो नेऊ नका.

टॉर्च डोक्याला बांधायचाच घ्या, दोन्ही हात काठ्यांसाठी मोकळे हवेत. सेल बदलायचे असतील तर साध्या अल्कलाइनपेक्षा लिथियमचे 'एए' किंवा 'एएए' सेल थंडीत चांगले टिकतात.

पाण्याच्या बाटलीचंही तेच. नळीवाली पिशवी नको, पहिल्यांदा नळीच गोठते. बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाकडचं पाणी मोकळं राहतं.

बॅग भरायची पद्धत

सगळ्यात खाली रात्रीच लागणाऱ्या वस्तू, मध्ये पाठीला चिकटून जड सामान, वर आणि बाजूला वाटेत लागणाऱ्या. आत एक मोठी जाड कचऱ्याची पिशवी घालून तिच्यात सामान भरा. वरचं रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, पाणी तिथूनच शिरतं.

मोठी बॅग खेचरावर देणार असाल तरी डाऊन जॅकेट, पावसाळी जॅकेट, जादा हातमोजे, टॉर्च, पाणी आणि सुका खाऊ स्वतःच्या पाठीवरच ठेवा. खेचर आणि तुम्ही एका वेळी पोचाल याची खात्री नसते.

हे कशासाठी सांगतोय त्याचं उदाहरण देतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या तुकडीतला एक जण जीन्स आणि कॉटनच्या हुडीत, घामाने चिंब होऊन दुसऱ्या कॅम्पवर पोचला. जॅकेट खेचरावरच्या बॅगेत होतं आणि खेचर मागे. फोटो काढत अर्धा तास बसला. आधी कुडकुडला, मग गप्प झाला, मग त्याला स्वतःची चेन लावता येईना. गाइडच्या लक्षात आलं. त्याने ओले कपडे उतरवले, दुसऱ्याचे कोरडे घातले, मॅटवर स्लीपिंग बॅगेत बसवून गरम गोड चहा दिला. तासाभरात गडी माणसात आला.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. अनावर थरथर, बोबडी वळणं, धडपडणं, बोटांनी साधं काम न होणं ही सुरुवातीची लक्षणं. आणि थरथर थांबली पण माणूस गुंगीत जातोय, तर ते बरं होणं नव्हे, प्रकृती बिघडतेय. अशा वेळी तोंडाने काही देऊ नका, आडवं ठेवून ऊब द्या आणि ताबडतोब मदत बोलवा. दारू कधीच नाही. तिने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि उरलीसुरली ऊब बाहेर जाते.

आता यादी (पाच-सहा दिवसांसाठी)

- आतला थर: पॉलिएस्टर किंवा लोकरीचे वरचे २, खालचे २. त्यातला एक जोड फक्त झोपायला, प्लास्टिकमध्ये बांधून.
- मधला थर: फ्लीस १, डाऊन किंवा सिंथेटिक जॅकेट १ (भाड्याने चालेल).
- बाहेरचा थर: वारा-पाणी अडवणारं जॅकेट १, तशीच पँट १.
- सिंथेटिक ट्रेकिंग पँट २. जीन्स शून्य.
- मोजे: पातळ ३, लोकरीचे २ जोड.
- हातमोजे: पातळ १, जाड १. कानटोपी १, गळ्याला बफ १.
- घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, वापरून मुरलेले बूट. कॅम्पवर घालायला हलक्या चपला.
- गॉगल, सनस्क्रीन, लिप बाम.
- हेडटॉर्च व जादा सेल, पॉवर बँक, केबल.
- बाटल्या २, त्यातली एक थर्मास.
- काठ्या, मायक्रोस्पाइक्स, गेटर्स: सांकरीत भाड्याने.
- नेहमीची औषधं, फोडांसाठी पट्ट्या, ओळखपत्र, रोख पैसे.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: आधी बूट आणि मोजे, मग आतला थर, मग पावसाळी जॅकेट. जाड जॅकेट सगळ्यात शेवटी, कारण ते भाड्याने मिळतं.

आणि एक सवय. चढाईला निघताना थोडी थंडी वाजत असेल इतकेच कपडे घाला. दहा मिनिटांत अंग तापतं. घाम येऊ लागला असं वाटताच थांबा आणि एक थर काढा. थांबलात की अंग गार पडायची वाट न बघता जॅकेट चढवा. दिवसातून दहा वेळा हे करावं लागलं तरी कंटाळा करू नका.

तुमच्या यादीतल्या एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर स्वतःला विचारा: ही घाम बाहेर काढते, हवा पकडते, की वारा-पाणी अडवते? तिन्हींपैकी काहीच करत नसेल आणि ती खायची, औषधाची किंवा उजेडाची वस्तूही नसेल, तर बहुधा ती घरीच राहिलेली बरी.